गप्प बसण्याची किंमत कोण मोजतो?



या अंकासाठी सम्यक वाचेवर काहीतरी लिहा, असा निरोप आला तेव्हा मी लगेच हो म्हटले. चौथे शील आपण दर वंदनेला घेतो, त्यावर दोन पाने लिहायला काय लागते, असे वाटले. लिहायला बसले तेव्हा कळले की माझी अडचण खोटे बोलण्याची नाहीच. खोटे बोलल्याचे मला फारसे आठवत नाही. गप्प बसल्याचे प्रसंग मात्र तारीखवार आठवतात.

विषय डोक्यात घोळत असतानाच मुलीने एक प्रश्न विचारला. ती यंदा जीसीएसईला आहे आणि इतिहासात तिला नाझी जर्मनीचा भाग आहे. पुस्तकात एक ओळ होती: 2 मे 1933 रोजी कामगार संघटना बंद करण्यात आल्या. एवढेच. ती म्हणाली, "आई, लाखो कामगार होते ना त्यांच्या युनियनमध्ये? मग कोणी काहीच कसं बोललं नाही?"

मला उत्तर देता आले नाही. घरात बाबासाहेबांचे खंड आहेत, बाबासाहेब मजूरमंत्री होते हे मी भाषणात सांगते, आणि कामगार चळवळीबद्दलच्या साध्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नाही, याची थोडी लाज वाटली. म्हणून वाचायला घेतले. जे सापडले ते माझ्यापुढे एक वेगळाच प्रश्न ठेवून गेले, तो तुमच्यापुढेही ठेवते.

जर्मनीतल्या सगळ्यांत मोठ्या कामगार महासंघाचे अध्यक्ष थिओडोर लायपार्ट नावाचे गृहस्थ होते. मूळचे लाकडाचे कातकाम करणारे कारागीर, पासष्टी गाठलेले, चळवळीत उभी हयात गेलेले. 30 जानेवारी 1933 ला हिटलर सत्तेवर आला. त्यानंतरच्या आठवड्यांत लायपार्टनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक हिशेब केला. सरकारे येतात आणि जातात. कामगारांचा निधी, त्यांच्या इमारती, त्यांच्या मजुरीचे करार हे सगळे उभारायला कित्येक दशके लागली होती, ते वाचले पाहिजे. म्हणून राजकारणापासून दूर राहू, सरकार कोणाचेही असो, कामगारांचे काम करत राहू. मार्चमध्ये त्या अर्थाचे पत्र हिटलरला गेले. एप्रिलमध्ये महासंघाने नाझी सरकारच्या एक मेच्या सोहळ्याचे स्वागत केले आणि सभासदांना त्यात सामील व्हायला सांगितले. एक मेला कामगार मिरवणुकीत चालले. दोन मेला सकाळी हिटलरच्या तुकड्या युनियनच्या कार्यालयांत घुसल्या. निधी जप्त, इमारती जप्त, पुढारी अटकेत. लायपार्टसुद्धा. डुइसबुर्ग शहरात चार कामगार पुढाऱ्यांना युनियनच्याच इमारतीत ठार मारले.

लायपार्टना भित्रे म्हणणे सोपे आहे. मी म्हणणार नाही. "संस्था टिकली पाहिजे" हे वाक्य मी आपल्याच बैठकांत किती वेळा ऐकले आहे, आणि किती वेळा स्वतः म्हटले आहे! चॅरिटीची नोंदणी जाईल, हॉल मिळणार नाही, वर्गणी कमी होईल, तेव्हा या विषयावर आत्ता नको. दरवेळी ते चूकच असते असे नाही. पण संस्था कशासाठी उभी केली होती, हे विसरून ती टिकवली, तर शेवटी टिकते काय? लेटरहेड.

त्याच नेतृत्वात विल्हेल्म लॉयश्नर नावाचे आणखी एक गृहस्थ होते. 1890 मध्ये बायरॉइट गावी जन्म, लाकडावर कोरीव काम करणारे. (दोघेही लाकूडकामातलेच, हे वाचताना मला उगाच बरे वाटले. माझे आजोबाही सुतारकाम करत.) 1928 पासून ते हेसेन प्रांताचे गृहमंत्री होते. तिथल्या नाझींनी सत्ता बळकावण्याचा आराखडा कागदावर मांडला होता. 1931 मध्ये तो उजेडात आणण्यात लॉयश्नरांचा हात होता, त्यामुळे नाझींचा त्यांच्यावर जुना राग होता. महासंघाच्या एप्रिलमधल्या त्या निर्णयातून लॉयश्नरांना अगदी वेगळे काढता येत नाही, हेही सांगितले पाहिजे. तेही त्याच टेबलाशी बसणारे होते.

दोन मेला त्यांनाही पकडले, मारहाण केली, आणि थोड्याच दिवसांत सोडले. सोडण्याचे कारण होते जिनिव्हा. जूनमध्ये आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेची परिषद भरणार होती. तिथे प्रत्येक देशाचे चार प्रतिनिधी असतात: दोन सरकारचे, एक मालकांचा, एक कामगारांचा. रॉबर्ट ले या नाझी पुढाऱ्याने युनियन मोडून त्यांच्या जागी सरकारी "कामगार आघाडी" उभी केली होती, आणि हीच जर्मन कामगारांची खरी प्रतिनिधी आहे असे जगाकडून वदवून घ्यायचे होते. लॉयश्नरांना जिनिव्हातले लोक ओळखत होते, त्यांच्या शब्दाला तिथे वजन होते. म्हणून ले त्यांना बरोबर घेऊन गेला. चार बरे शब्द बोलले असते तरी त्याचे काम झाले असते.

लॉयश्नर काहीच बोलले नाहीत.

निषेधाचे भाषण केले नाही, सभात्याग केला नाही. नुसते गप्प राहिले, आणि त्या सभागृहात बसलेल्या इतर देशांच्या कामगार प्रतिनिधींना ते नेमके समजले. त्यांनी लेला कामगारांचा प्रतिनिधी मानायला नकार दिला. जर्मन शिष्टमंडळ परिषद सोडून गेले. लॉयश्नरांना परत न जाणे शक्य होते, स्वित्झर्लंडमध्ये थांबता आले असते. ते परत गेले, आणि जर्मनीत शिरताच पकडले गेले. त्यानंतर वर्षभर छळछावणी, आधी ब्योर्गरमोर, मग लिश्टेनबुर्ग.

इथे मी अडले. एप्रिलमध्ये महासंघाचे नेते नाझींविरुद्ध बोलले नाहीत. जूनमध्ये लॉयश्नर बोलले नाहीत. बाहेरून पाहिले तर दोन्ही मौनच. मग एकाबद्दल वाईट वाटते आणि दुसऱ्यापुढे मान लवते, असे का?

आपल्या परंपरेत मौनाला अर्थ आहे, आणि तो एकच नाही. उपासकाने भोजनाचे आमंत्रण दिले की तथागत मौनाने ते स्वीकारत, हे आपण सुत्तांत वारंवार वाचतो. जग शाश्वत आहे की अशाश्वत, असल्या प्रश्नांवर ते मौन राहत तेव्हा त्याचा अर्थ होकार नसे. आणि संघाच्या कामकाजाचा नियम तर फार स्पष्ट आहे. प्रस्ताव मांडायचा, महत्त्वाचा असेल तर तीनदा पुकारायचा. ज्याला मान्य त्याने गप्प राहायचे, ज्याला मान्य नाही त्याने बोलायचे. भिक्खू संघाला सभेचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 ला संविधान सभेत सांगितले, तो भाग आपण अभिमानाने वाचतो. पण त्या नियमातली धार माझ्या आधी लक्षात आली नव्हती. संघात गप्प बसणारा तटस्थ नसतो. त्याचे मत मोजलेले असते, होकारात.

या नियमाने पाहिले तर एप्रिल 1933 मध्ये प्रस्ताव जर्मन कामगारांपुढे होता आणि नेत्यांचे मौन होकारात मोजले गेले. जिनिव्हात उलटे होते. तिथे लॉयश्नरांकडून शब्दच हवा होता, आणि न बोलणे हाच नकार होता. म्हणजे तोंड उघडे की बंद, यावरून काही ठरत नाही. समोर काय मागितले जात आहे यावरून ठरते.

हे उत्तर मला एक-दोन दिवस पुरले. मग वाटले, अजून काहीतरी राहिले आहे. ते सापडले मुंबईत.

गिरण्यांमधल्या विणकाम खात्यात आपल्या लोकांना काम मिळत नसे. पगार तिथे बरा असे. कारण काय, तर धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला इतर विणकर तोंड लावत नसत. हा बहिष्कार मालकाने घातलेला नव्हता. लाल बावट्याखाली उभ्या असलेल्या सहकारी कामगारांनी घातला होता, आणि युनियन गप्प होती. एकी फुटेल, संप फुटेल, आत्ता नको. 1928 च्या मोठ्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी पुढाऱ्यांना हा प्रश्न मागण्यांत घ्यायला लावला, तो त्यांनी नाइलाजाने घेतला. मालकांनी त्यावर सुनावले की हा अन्याय तुमचाच आहे, आमचा नाही. मालकाच्या तोंडून असे ऐकावे लागणे यापेक्षा मोठी नामुष्की कामगार चळवळीची कोणती? फेब्रुवारी 1938 मध्ये मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत बाबासाहेब म्हणाले की कामगारांचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही, ते याच अनुभवातून.

आणि तरीही त्याच वर्षी ते त्याच कम्युनिस्ट पुढाऱ्यांच्या बरोबर उभे राहिले. सप्टेंबरमध्ये मुंबईच्या काँग्रेस सरकारने औद्योगिक कलह विधेयक आणले. त्याने काही प्रकारचे संप बेकायदा आणि शिक्षेला पात्र ठरणार होते. बाबासाहेबांनी विधिमंडळात मुद्दा मांडला तो असा: काम सोडणे हा फार तर कराराचा भंग आहे, गुन्हा नव्हे. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामावर ठेवण्यासाठी तुरुंगाचा धाक घालणे म्हणजे त्याला गुलाम करणे. 7 नोव्हेंबर 1938 ला स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्टांनी मिळून एक दिवसाचा संप केला, कामगार मैदानावर प्रचंड सभा झाली. कायदा व्हायचा तो झालाच. पण होकारात मोजले जायला त्यांनी नकार दिला होता, आणि मजुरी बुडवून तो नकार हजारो गिरणी कामगारांनी नोंदवला. त्याच आठवड्यात, 9 नोव्हेंबरच्या रात्री, जर्मनीत सिनेगॉग जळत होती. तिथे मोर्चा काढायला पाच वर्षांपासून एकही युनियन उरलेली नव्हती.

बाबासाहेबांना नाझींचा धोका लांबचा वाटत नव्हता. नोव्हेंबर 1942 मध्ये मजूरमंत्री म्हणून मुंबई आकाशवाणीवरून बोलताना त्यांनी भारतीय कामगाराला हे युद्ध आपले का वाटते ते सांगितले. स्वातंत्र्य, समता, बंधुता यांवर कामगाराची भिस्त आहे, आणि नाझींची नवी व्यवस्था या तिन्हींच्या मुळावर उठली आहे, असा त्याचा रोख होता. देशभर "चले जाव"ची लाट असताना सरकारात बसून हे बोलणे लोकप्रिय नव्हते, आजही त्यावरून त्यांना टोचणारे भेटतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दिल्लीत त्यांनी सरकार, मालक आणि कामगार यांची एकत्र परिषद घेतली होती. जिनिव्हातलीच रचना. कामगारांच्या खुर्चीवर कामगाराचाच माणूस हवा, हा लॉयश्नर ज्यावरून गप्प राहिले तोच मुद्दा.

आता राहिलेले सांगते. गिरणीतल्या त्या मौनाची किंमत युनियनचे पुढारी मोजत नव्हते. ती महाराच्या घरी कमी पगाराच्या रूपाने मोजली जात होती. एप्रिल 1933 मधल्या मौनाची किंमत नेत्यांनीही मोजली, पण त्यांच्या आधी आणि त्यांच्यापेक्षा जास्त ती ज्यांना विचारलेच नव्हते अशा सभासदांनी मोजली. जिनिव्हातले मौन लॉयश्नरांनी स्वतःच्या अंगावर घेतले. मौन कोणते ते ओळखायचे असेल, तर त्याचे बिल कोणाच्या घरी जाते ते मी आता पाहते.

आणि हे लिहिताना मला आपल्यातलाच एक मुलगा आठवतो. नाव सांगत नाही. विदर्भातून केअर वर्करच्या व्हिसावर आला होता, मी ऑफिसात काम करते त्याच कंपनीत. कंपनीचेही नाव नको. कराराप्रमाणे तास मिळत नाहीत, एका फेरीतून दुसऱ्या फेरीला जायच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत, अशी त्याने लेखी तक्रार केली. काही आठवड्यांनी त्याच्यावरच शिस्तभंगाची सुनावणी लागली. इथल्या कायद्याप्रमाणे अशा सुनावणीला कामगाराला एक सोबती नेता येतो, सहकारी किंवा युनियनचा माणूस. त्याने रविवारी वंदनेनंतर मला गाठले. "जयभीम ताई. तुम्ही नुसत्या बसलात तरी चालेल."

मी "बघते" म्हटले. त्या दिवशी मी रजा टाकली. घरात काम आहे असे सांगितले, आणि काम खरेच होते, म्हणजे चौथे शील कागदोपत्री शाबूत. तो एकटा गेला. नोकरी गेली. केअर व्हिसावर नोकरी गेली की नवा प्रायोजक शोधायला साधारण साठ दिवस मिळतात. पंचेचाळिसाव्या दिवसाच्या सुमारास तो उत्तरेकडे कुठेतरी गेला एवढे कळले. त्यानंतर मी फोन केला नाही, त्यानेही केला नाही.

माझ्याकडे ब्रिटिश पासपोर्ट आहे. माझी नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती, नाहीतर घराचा हप्ता दोन महिने ओढाताणीने भरला असता. त्याचे सगळे आयुष्य त्या एका कागदावर होते, तरी तो बोलला होता. गप्प बसायची मुभा कोणाला असावी, असे विचाराल तर ती त्याला होती. लॉयश्नरांनी 1939 च्या ऑगस्टमध्ये परदेशातल्या एका मित्राला लिहिले होते की आम्ही एका मोठ्या तुरुंगातले कैदी आहोत, शस्त्रधारी पहारेकऱ्यांपुढे उठाव करणे म्हणजे आत्महत्या. व्हिसा मालकाच्या हातात असलेल्याला मी हे वाक्य माफ करीन. ते माझ्या तोंडी शोभत नाही.

लॉयश्नरसुद्धा तिथे थांबले नाहीत. छावणीतून 1934 मध्ये सुटल्यावर त्यांनी बर्लिनमध्ये बिअरच्या पिंपांच्या तोट्यांचे सुटे भाग करणारा एक छोटा कारखाना चालवला. मालाच्या निमित्ताने देशभर फिरता येई, जुन्या युनियनच्या माणसांना भेटता येई. ख्रिस्ती युनियनचे याकोब कायझर यांच्यासारख्या, पूर्वी ज्यांच्याशी पटत नसे अशा लोकांशीही त्यांनी जुळवून घेतले. बाहेरून पाहणाऱ्याला दहा वर्षे गप्प बसलेला कारखानदार दिसला असता. 20 जुलै 1944 चा हिटलरवरचा हल्ला यशस्वी झाला असता तर नव्या सरकारात ते उपचॅन्सेलर होणार होते. हल्ला फसला. ते लपले, तेव्हा पत्नीला ओलीस धरले. ऑगस्टमध्ये सापडले, आणि 29 सप्टेंबर 1944 ला बर्लिनच्या प्लोट्झेन्से तुरुंगात त्यांना मृत्युदंड दिला.

मुलीला हे सगळे सांगितले तेव्हा आम्ही गाडीत होतो, पर्ली वेवर. क्रॉयडनच्या जुन्या विमानतळाची 1928 ची इमारत तिथे अजून उभी आहे. हिटलरपासून वाचवलेली मुले प्राग शहराहून विमानाने इथेच उतरली होती. ती काही वेळ बाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे आधी बोलायला हवं होतं, जेव्हा बोलणं स्वस्त होतं." मी म्हटले, हो. तिला त्या मुलाची गोष्ट मी सांगितली नाही. या लेखातून कळेल.

मज्झिम निकायात अभयराजकुमार सुत्त आहे. अभय विचारतो की तथागत कोणाला अप्रिय वाटेल असे बोलतात का. त्याच्या मांडीवर एक तान्हे मूल असते. तथागत उलट विचारतात, या मुलाने खडा किंवा काडी तोंडात घातली तर तू काय करशील? अभय म्हणतो, काढीन, रक्त आले तरी काढीन, मला त्याची करुणा आहे. मग तथागत सांगतात की जे खरे आहे आणि हिताचे आहे ते अप्रिय असले तरी योग्य वेळी ते बोलतात. मी या सुत्तावर दोनदा प्रवचन ऐकले आहे, दोन्ही वेळा "योग्य वेळी" हे दोन शब्द मनात धरून घरी आले. फार सोयीचे शब्द आहेत. घशात खडा अडकलेल्या मुलाच्या बाबतीत योग्य वेळ कोणती, हे तेव्हा मनात आले नाही.

मी अजून त्याच कंपनीत आहे. मागच्या महिन्यात एका मुलीने तशीच तक्रार केली आहे, केरळची आहे, आपल्यातली नाही. तिची सुनावणी येत्या गुरुवारी आहे. सोबत्याने काय करायचे ते मी एकासच्या मार्गदर्शिकेत वाचून ठेवले. त्याला तिची बाजू मांडता येते, शेवटी सारांश सांगता येतो, मध्ये थांबवून तिच्याशी बोलता येते. तिला विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे मात्र तिच्या वतीने देता येत नाहीत. सोमवारी तिने एचआरला ईमेल केला, सोबती म्हणून माझे नाव आणि पद लिहून. माझे वरिष्ठ त्या मेलवर सीसीत आहेत. काल ते किचनमध्ये भेटले, चहा करत होते. हवेबद्दल बोलले.